कोठा पाडायच्या आधी एकदा आत जाऊन बघा



आज पिकावर लिहीत नाही. हरभरा काढून झालाय, गहू उभा आहे, त्यावर पुढच्या आठवड्यात लिहीन. आजचा विषय आमच्या आखाड्यावरचा जुना कोठा. पाडव्यानंतर जेसीबी लावून तो पाडायचा, असं घरात ठरत आलं होतं. मी अडवून धरलंय. का अडवलं ते लिहितो, कारण असाच एखादा कोठा तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शेतात उभा असणार आणि असाच वाद घरात चालू असणार.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या परभणी-हिंगोलीकडं आखाडा म्हणजे कुस्तीचा नाही. शेतात गुरं, अवजारं, कडबा ठेवायची आणि राखणीला माणूस राहायची जागा म्हणजे आखाडा. आणि आमचं पेडगाव म्हणजे परभणीजवळचं, परभणी आणि मानवत रोडच्या मधलं रेल्वे स्टेशन. "वेड पांघरून पेडगावला" ही म्हण ज्या पेडगावची सांगतात ते तिकडं श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं. पण गेल्या महिन्यापासून घरची मंडळी ती म्हण मलाच लावू लागलीत. जुना पडका कोठा राखायला निघालाय म्हणून.

पोराचं म्हणणं साधं आहे. "अण्णा, पाडून टाकू हे. एक खण तर बसलाच आहे. तिथं पत्र्याचं मोठं शेड मारू, ट्रॅक्टर, पेरणीयंत्र सगळं आत राहील." २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्यात कोठ्याचा वरच्या अंगाचा खण खाली आला. ती गोष्ट खरी आहे. पोराचं सगळंच चुकीचं नाही, ते पुढं लिहितोच.

आधी कोठा कसा आहे ते सांगतो. चार खणाचं माळवद. भिंती अडीच फूट रुंद, काळा दगड आणि मातीचा गारा. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचन, किलचनावर पाला आणि त्यावर पांढरी माती. ही पांढरी माती शेतातली नाही, गावठाणातली. काळीत पीक घ्यायचं आणि पांढरीत राहायचं, ही जुनी वाटणी. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, तिचं माळवद गळणार. म्हणून दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी गाडीभर पांढरी आणून माळवदावर टाकायची आणि चोपायची. माझ्या आबांनी हा कोठा पोलीस ॲक्शनच्या आधी बांधला, म्हणजे निजामाच्या राज्यात.

आत काय काय होतं ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. एका अंगाला बैलांची दावण आणि गव्हाण. भिंतीला खुंट्या, त्यावर जू, चऱ्हाट, मुसक्या, घागरमाळा. कोपऱ्यात तिफन, वखर, कुळव. मागच्या भिंतीला बळद. आजच्या पोरांना बळद सांगावं लागतं. दोन भिंतींच्या मधे पोकळी सोडायची, वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून लागेल तेवढं काढून घ्यायचं. भोकाला लाकडी बुच. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की नुसती भिंत आहे. कोठ्यापुढं खळं होतं. मधे मेढ, तिच्याभोवती बैलांची पात फिरायची. रास झाली की तिथंच बलुतेदारांचं बलुतं द्यायचं आणि मग उरलेलं आत न्यायचं. आणि खळ्याच्या बाजूला, थोड्या उंचवट्यावर, पेव.

शाळेत "पेव फुटणे" हा वाक्प्रचार मुलांना अजून शिकवतात. गावोगाव क्लासचं पेव फुटलं, शेडचं पेव फुटलं असं आपण लिहितो पण. पण पेव बघितलेलं माणूस आता शोधावं लागतं.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. जागा उंचावरची, मुरमाची किंवा पांढरीची, जिथं पाणी मुरून येत नाही अशी. तोंड लहान, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि पोटात रुंद, मडक्यासारखं. आतून चोपून, लिंपून घ्यायचं. मग आत जाळ करून ते भाजायचं म्हणजे ओल जाते, किडा-मुंगी मरते. तळाला आणि कडेनं कडबा, भूस, लिंबाचा पाला. त्यात खडखडीत वाळलेली ज्वारी भरायची. वर पुन्हा भूस, मग दगडी झाकण आणि मातीनं तोंड बंद. वरून गुरं फिरली तरी कळू नये असं.

यातलं शास्त्र आपल्या जुन्या माणसांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण त्यांना ते माहीत होतं. धान्य जिवंत असतं, ते श्वास घेतं. बंद पेवात दाणे आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात आणि कर्बवायू वाढतो. मग किडा गुदमरून मरतो. दाणा मात्र राहतो. आज बाजारात ज्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचं काम हेच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या चवळीसाठी अशा तीन थरांच्या पिशवीवर काम सुरू केलं आणि ती जगभर गेली. आपल्याकडं शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं, तिथं तीन हजार वर्षांहून जुनी धान्य साठवायची पेवं सापडली. म्हणजे ही विद्या आपल्या मातीत किती जुनी आहे बघा.

एक इशारा इथंच लिहितो, कारण हे वाचून कोणी उत्साहानं जुनं पेव उघडायला जाईल. जाऊ नका. त्या कर्बवायूनं माणसं मेलेली आहेत. एक उतरतो, तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. जुने लोक पेव उघडून एक दिवस तसंच सोडायचे, मग दोरीला बांधून कंदील सोडायचे. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. पण कंदील जळत राहिला म्हणजे आत धोका नाही, असंही समजू नका, कर्बवायू कंदील विझायच्या आधीच माणसाला पाडू शकतो. जुन्या विहिरी आणि बंद टाक्यांनाही हाच नियम. आणि गावठाणात किंवा शेतात जुनं पेव माहीत असेल तर ते मुरूम भरून बुजवा, नाहीतर निदान खूण करून ठेवा. ट्रॅक्टरचं चाक त्यात जाऊ शकतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एवढी खटपट आबांची पिढी का करत होती? रेल्वे तर १९०० च्या सुमारासच आमच्या भागातून मनमाडपर्यंत गेली होती. माल विकायची वाट मोकळी होती. तरी घरच्या वर्षाचं आणि वरती अजून एका सालाचं धान्य बाजूला पडल्याशिवाय आबा विक्रीचं नाव काढत नसत. कारण त्यांना दोन गोष्टींची धास्ती होती, एक राजाची आणि दुसरी पावसाची.

राजाची म्हणजे अशी की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारनं धान्याची सक्तीची लेव्ही लावली होती. पुढं रझाकारांचे दिवस आले. दादा, म्हणजे माझे वडील, सांगायचे की त्या दिवसांत बळदात दाखवायपुरती ज्वारी ठेवलेली आणि खरी ज्वारी पेवात होती. पेवाच्या तोंडावर कडब्याची गंजी रचली होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळं झालं तेव्हा ती गंजी हलवली.

पावसाची धास्ती म्हणजे १९७२. तेव्हा मी रांगत होतो, त्यामुळं मला आठवत नाही, पण घरात त्या सालाच्या गोष्टी इतक्या झाल्यात की आठवतंय असंच वाटतं. लोकं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते, सुकडी आणि लाल मिलो खात होते. आमच्या घरातलीही दोन माणसं कामावर जात होती. पण पेवात दोन वर्षांची जुनी ज्वारी होती. तिला पेवाचा वास येतो, भाकरी जरा कडवट लागते. आजी म्हणायची, वास येऊ दे, दाणा तर आहे. त्या ज्वारीमुळं बैलजोडी आणि जमीन विकायची पाळी आली नाही. त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला, परभणीत आपलं कृषी विद्यापीठ सुरू झालं. पुढं संकरित वाण आले, पिकलं पण भरपूर. पण आमचं पेव त्या दुष्काळात उघडलं ते शेवटचं. पुन्हा भरलंच नाही.

का भरलं नाही? कोणी मुद्दाम मोडलं नाही. कामच संपलं. रेशनवर धान्य मिळू लागलं. जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यात आला, ऊस-कापूस वाढला. मग सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी शिवारातून जवळपास उठली. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल परवडेना, आणि बैल गेला म्हणून कोठा रिकामा झाला. रिकाम्या कोठ्याच्या माळवदावर माती टाकायला कोण चढतंय? मी स्वतः बारा वर्षांत चढलो नाही. म्हणजे खण पाडला तो सप्टेंबरच्या पावसानं नाही, माझ्या बारा वर्षांच्या आळसानं. हे पोरालाही कबूल केलं.

आता माझं मत सांगतो. कोठा म्हणजे नुसते दगड आणि लाकडं नव्हती. त्या कोठ्यामुळं शेतकऱ्याला थांबता येत होतं. माल निघाला त्याच दिवशी विकायची सक्ती त्याच्यावर नव्हती. आज आपल्याकडं ट्रॅक्टर आहे, मोबाईलवर बाजारभाव आहे, पण थांबता येत नाही. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सगळ्या जिल्ह्याचं सोयाबीन एकाच महिन्यात आडतीवर जाऊन पडतं. घरात ठेवायला जागा नाही, वर उधारी आहे, आणि माल ओला आहे. भाव पाडायला याहून वेगळं काही करावं लागत नाही.

२०२४ च्या दिवाळीचं आठवा. हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजार ते चार हजार तीनशेच्या आसपास विकलं गेलं. खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट. ओरड झाल्यावर ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर बऱ्याच जणांचा माल गेलेला होता. माझा पण गेला. ट्रॉलीच्या ट्रॉली आडतीपुढं उभ्या होत्या, हातात मूठभर दाणे घेऊन "माती आहे, ओल आहे" म्हणत त्यानं भाव तोडला आणि मी मान हलवली. कारण परत घेऊन यायला कोरडी जागा नव्हती. एक खण नीट असता तर निम्मी ट्रॉली वाळवून ठेवली असती. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ जाहीर झाला. पण जाहीर झालेला भाव पदरात पडायला माल वाळवून राखता यावा लागतो.

आता दुसरी बाजू. माल ठेवला म्हणजे भाव मिळतोच असं मी म्हणणार नाही. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारापर्यंत गेलं होतं, ते बघून पुढची दोन-तीन वर्षं लोकांनी घरं भरून ठेवली आणि शेवटी होत्या त्या भावापेक्षा कमीनं विकलं. साठवण आणि सट्टा यात फरक आहे. आबांनी पेव भाव वाढेल म्हणून भरलं नव्हतं. अडचणीत कोणाच्या दारात जावं लागू नये म्हणून भरलं होतं. आपणही चार-सहा महिन्यांपुरतं, गर्दी ओसरेपर्यंत थांबण्याचाच विचार करावा. ज्याला पैशाची नड आहे त्यानं पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बघावी. ती १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजानं कर्ज मिळतं. विकायच्या मालाला ते गोदाम बरं. पण घरच्या बियाण्याला आणि खायच्या धान्याला घरचाच कोठा लागतो.

बियाण्यावरून आठवलं. मागच्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट करून बघितली. २०२४ च्या खरिपातलं एकाच वावरातलं, एकाच दिवशी काढलेलं सोयाबीन बियाण्यासाठी बाजूला काढलं. निम्मी पोती पत्र्याच्या शेडात लाकडी फळ्यांवर ठेवली, निम्मी या कोठ्यात तशाच फळ्यांवर. दोन्हीकडं थप्पी चार पोत्यांचीच. मे अखेरीला दोन्हींतले शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघितली. शेडातल्या शंभरापैकी ६१ उगवले, कोठ्यातल्या ७८. बियाण्याला किमान ७० टक्के उगवण पाहिजे हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे एक ढीग पेरणीचा आणि दुसरा तेलाच्या गिरणीचा. हा एका शेतकऱ्याचा एका वर्षाचा अनुभव आहे, विद्यापीठाचा प्रयोग नाही. पण कारण समजायला अवघड नाही. सोयाबीनचं साल पातळ, उन्हाळ्याच्या उष्णतेनं त्याची उगवण लवकर घटते. पत्रा सकाळी अकरालाच तापतो आणि सगळी उष्णता खाली सोडतो. अडीच फुटी भिंत आणि मातीचं छत तापायलाच दिवस मावळतो.

इथं विद्यापीठातले आणि कृषी विभागातले काही साहेब लोक वाचतात. त्यांना विनंती की हे नीट मोजून बघा. मराठवाड्यातले जुने कोठे, बळदं अजून चार-दोन ठिकाणी शिल्लक आहेत. त्यात वर्षभर थर्मामीटर आणि ओलावा मापक ठेवा. वाणाची शिफारस जशी करता तशी साठवणुकीच्या जागेची पण करा. परभणी मोती, परभणी शक्ती असे ज्वारीचे चांगले वाण तुम्ही दिले, ते घरी ठेवायचे कुठं हेही सांगा. आणि रोजगार हमीतून नव्या गोठ्याला जसे पैसे मिळतात तशी मदत जुना कोठा नीट करायला पण द्यावी, असं माझं सरकारला सांगणं आहे.

आता पोराच्या बाजूनं लिहितो, कारण त्याच्याशिवाय हे मत अर्धवट राहील.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीतलं कोणी विसरणार नाही. किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून लोकं झोपले होते, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली आणि जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. बाहेरचा दगड बाहेर, आतला दगड आत, मधे नुसता मुरूम-माती, आणि दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर दरवर्षी टाकून टाकून दीड-दोन फूट झालेली माती. हलल्यावर ती भिंत फुगून सुटणारच. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ चे धक्के बसले, ते आमच्याकडंही जाणवले. तेव्हा माळवदाखाली माणूस झोपवा असं मी कोणाला सांगणार नाही.

दुसरं, ज्या दिवसांची आठवण काढतोय ते सगळ्यांसाठी सारखे नव्हते. या कोठ्याच्या एका कोपऱ्यात, बैलांच्या शेजारी, आमच्या सालगड्याचं कुटुंब राहायचं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत ते बारा महिने आखाड्यावर. पेव उघडायचं असलं की आत आधी मामा उतरायचे, आमच्या घरचं कोणी नाही. बलुत्यासाठी खळ्याच्या कडेला तासन्‌तास उभे राहणारे लोकही मी बघितलेत. आमच्या घरानं १९७२ काढलं ते पेवाच्या जोरावर, पण ज्याच्याकडं जमीनच नव्हती त्याच्याकडं पेव कुठलं? म्हणून तो काळ परत यावा असं मी अजिबात म्हणत नाही. कोठा राहावा एवढंच म्हणतो.

तिसरं, कोठ्यात उंदीर आहेत, साप निघतो, पावसाळ्यात भिंत ओल धरते. बियाणं जूनमध्ये पेरणीला बाहेर पडतं म्हणून त्याला चालतं, पण जुलै-ऑगस्टला पोती भिंतीला टेकवून ठेवली तर बुरशी लागणार. हे दोष मान्य करूनच पुढं जायचं.

मग मार्ग काय? गवंड्याला आणून, पोराला बरोबर घेऊन, तीन दिवस बघून आम्ही असं ठरवलंय.

पडलेला खण पूर्ण काढायचा. त्या जागेवर आणि पुढच्या मोकळ्या जागेवर पोराचं पत्र्याचं शेड होईल, ट्रॅक्टर तिथं राहील. पडक्या खणाचे दगड विकायचे नाहीत, उरलेल्या भिंतींना आरपार दगड बसवायला तेच वापरायचे.

उरलेल्या तीन खणांच्या माळवदावरची सगळी जुनी माती खाली घ्यायची आणि चार बोटं जाडीचाच नवा थर द्यायचा. त्याच्या वर दोन-अडीच फूट मोकळी जागा सोडून हलका पत्रा. म्हणजे पाणी पत्रा अडवेल, ऊन माती अडवेल आणि डोक्यावरचं वजन कमी होईल. दरसाल चढून माती टाकायची गरजही संपेल. आळशी माणसाला हे बरं.

चौकटीच्या वरच्या पातळीवर चारी भिंतींना कडेनं पट्टा घ्यायचा, कोपरे बांधायचे. किल्लारीनंतर भिंती मजबूत करायची हीच पद्धत सांगितली गेली होती. आत माणूस झोपणार नाही हा नियम कायमचा.

बळद साफ करून लिंपून घेणार आहे. त्यात यंदाची रब्बी ज्वारी, घरची वर्षाची, हवाबंद पिशव्यांत भरून ठेवणार. हे एक काम प्रत्येकानं करण्यासारखं आहे. राहत्या खोलीत धान्याची पोती ठेवून त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात, त्याच्या विषारी वायूनं लेकरं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. धान्य माणसाच्या खोलीतून बाहेर काढून कोठ्यात न्यावं आणि पेवाचं शास्त्र पिशवीत वापरावं, म्हणजे गोळीची गरजच राहत नाही. फक्त दाणा दातानं कटकन फुटेल इतका वाळलेला पाहिजे.

पेव मात्र बुजवणार. मुरूम टाकून, चोपून. त्याच्या तोंडाचं दगडी झाकण कोठ्याच्या दाराशी पायरी म्हणून बसवायचं, ही सूचना पोराची. मला आवडली.

खर्च किती? नव्या मोठ्या शेडच्या निम्म्याच्या आसपास बसेल असा गवंड्याचा अंदाज आहे. काम झाल्यावर खरा आकडा इथंच टाकतो, चुकला असेल तरी टाकतो.

तुम्हाला एवढंच सांगणं. जुना कोठा पाडायचाच असेल तर पाडा, काही कोठे पाडण्याच्याच लायकीचे असतात. पण आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन एकदा आत जा. इथं काय ठेवत होते, कधीपर्यंत टिकत होतं, पेव कुठं होतं हे विचारून वहीत लिहून घ्या. मे महिन्याच्या दुपारी आत दहा मिनिटं बसा आणि मग पत्र्याखाली दहा मिनिटं बसा. त्यानंतर जेसीबीवाल्याला फोन करा.

तुमच्याकडं बळद, पेव, कणगी यातलं काही अजून वापरात असेल तर फोटो टाका, आणि सोयाबीनची उगवण कुठं ठेवल्यावर किती आली तेही लिहा. मेमध्ये शंभर दाण्यांची तपासणी सगळ्यांनीच करा, मग आपले आकडे एकत्र मांडू.

पुढच्या आठवड्यात गव्हावर. राम राम.